यंत्राची साक्ष आणि माणसाची अब्रू

हिशेबात तूट निघाली की ती कोणी खाल्ली, हा प्रश्न लोक प्रथम विचारतात. तूट खरोखरच झाली आहे काय, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे; पण तो विचारण्याचे भान फार थोड्यांना राहते. कायद्याच्या राज्याचा अभिमान बाळगणाऱ्या ब्रिटनमध्ये हे भान सुमारे पंधरा वर्षे सुटले होते, आणि त्यापायी नऊशेंहून अधिक माणसांवर गुन्हेगाराचा शिक्का बसला. तेथील पोस्ट ऑफिसचे ‘होरायझन’ प्रकरण ते हेच. २०२५ च्या जुलै महिन्यात सर विन विल्यम्स यांच्या चौकशी आयोगाने आपल्या अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा या प्रकरणाने किती संसार धुळीस मिळविले याचे अधिकृत चित्र जगापुढे आले. आमच्या वाचकांना हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. परंतु ज्या कारणाने तिकडे हा अनर्थ ओढवला ते कारण आता आपल्याही गावच्या टपालकचेरीत, बँकेच्या शाखेत आणि पतसंस्थेच्या खिडकीवर येऊन बसले आहे. यास्तव या प्रकरणाचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गावचा पोस्टमास्तर

ब्रिटनमधील टपालकचेऱ्यांची रचना आपल्याहून निराळी आहे. तेथील बहुतेक शाखा खाजगी माणसे चालवितात. गावात एखादे किराणा मालाचे वा वर्तमानपत्रांचे दुकान घ्यावयाचे, त्यातच टपालाची एक खिडकी ठेवावयाची, आणि तेथून निवृत्तिवेतन, तिकिटे, बचतखाती, निरनिराळे भरणे असे व्यवहार पोस्ट ऑफिसच्या वतीने करावयाचे, अशी ही पद्धत. या माणसास ‘सबपोस्टमास्तर’ म्हणतात. तो पोस्टाचा नोकर नसतो. करारावर काम करणारा स्वतंत्र व्यावसायिक असतो. आयुष्याची पुंजी घालून, प्रसंगी कर्ज काढून लोक असे दुकान घेत. भारतीय उपखंडातून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या कित्येक कुटुंबांनी याच मार्गाने परक्या गावात आपले पाय रोवले. गावात या माणसाला मान असे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पैसे त्याच्या हातून जात आणि त्याच्या शब्दावर लोक विसंबत.

या करारात एक कलम होते. सबपोस्टमास्तरच्या हयगयीमुळे, निष्काळजीपणामुळे वा चुकीमुळे जी तूट येईल ती त्याने भरून द्यावी, असे त्याचे तात्पर्य. वाचताना ते न्याय्यच वाटते. हिशेब कागदावर होता तोवर ते फारसे जाचकही नव्हते. ताळा जमला नाही तर माणूस पावत्या पुन्हा काढी, बेरजा पुन्हा ताडून पाही, आणि चूक कोठे झाली याचा माग त्याला स्वतःला घेता येई. वही त्याच्या हातात होती.

ही वही १९९९ पासून त्याच्या हातातून गेली. तत्पूर्वी तीन वर्षे, १९९६ मध्ये, समाजकल्याण खाते आणि पोस्ट यांनी मिळून एक मोठा संगणकप्रकल्प आयसीएल या कंपनीकडे सोपविला होता; ही कंपनी जपानच्या फुजित्सूच्या मालकीची होती. निवृत्तिवेतनादी रकमा कार्डावर देता याव्यात, हा मूळ हेतू. पुढे समाजकल्याण खात्याने अंग काढून घेतले, कार्डाची योजना १९९९ साली गुंडाळली गेली, आणि उरलेल्या सांगाड्यातून शाखांचा हिशेब ठेवणारी ‘होरायझन’ प्रणाली उभी राहिली. हजारो शाखांत ती बसविण्यात आली. एका हेतूने मांडलेला संसार दुसऱ्याच हेतूसाठी वापरावयाचा म्हटले म्हणजे जे होते तेच येथेही झाले. प्रणालीत दोष होते, आणि ते बसविणाऱ्यांना ठाऊकही होते.

पडद्यावरची तूट

हे दोष कशा प्रकारचे होते याचे एक उदाहरण पुरे आहे. २०१५ साली स्कॉटलंडमधील डॅल्मेलिंग्टन येथील शाखेत ८,००० पौंडांची रोकड एका खिडकीवरून दुसरीकडे पाठविल्याची नोंद करावयाची होती. पडदा अडकल्यासारखा झाला म्हणून कळ पुन्हा दाबली गेली, आणि प्रणालीने तीच रक्कम एकूण चार वेळा नोंदविली. आठाचे बत्तीस हजार झाले. कोणी एक पैही न उचलता २४,००० पौंडांची तूट कागदोपत्री उभी राहिली. शोध घेता असाच प्रकार २०१० पासून इतरही शाखांत घडल्याचे आढळले.

आता त्या खिडकीमागे बसलेल्या माणसाची अवस्था पाहा. मुदत संपली की प्रणाली एक आकडा दाखविते. तेवढी रोकड तिजोरीत असली पाहिजे. ती नसते. तो मदतकेंद्राला दूरध्वनी करतो. असा त्रास केवळ तुमच्याच शाखेत आहे, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही, असे उत्तर कित्येकांना मिळाले. वस्तुतः त्याच वेळी देशभरातून तशाच तक्रारी येत होत्या. हॅम्पशरमधील साउथ वॉर्नबरो या गावी जो हॅमिल्टन या बाईंना दोन हजार पौंडांची तूट दिसली. मदतकेंद्राने सांगितले तशा कळा त्यांनी दाबल्या, तो डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली.

यावर एक गोष्ट कळस चढविणारी होती. मुदतीचा हिशेब मान्य केल्याशिवाय प्रणाली पुढच्या मुदतीत जाऊ देत नसे, आणि हा आकडा मला मान्य नाही असे नोंदविण्यास तीत जागाच ठेवलेली नव्हती. उद्या दुकान उघडावयाचे तर माणसापुढे दोनच वाटा होत्या. पदरचे पैसे भरावे, नाहीतर रोकड पुरेशी आहे असे खोटेच लिहून सही करावी. अनेकांनी आधी पहिली वाट धरली. साठविलेले संपले, आईबापांकडून, भावाबहिणींकडून घेतले, घर गहाण पडले. तूट मात्र पुन्हा येतच राहिली. मग त्यांनी दुसरी वाट धरली, आणि येथेच ते पुरते अडकले. कारण खोटा हिशेब लिहिणे हा ब्रिटिश कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. चोरीचा आरोप मागे घेतो, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, असे सांगितले की तुरुंगाच्या धास्तीने माणूस मान तुकवी. जो हॅमिल्टन यांनी २००८ साली असाच कबुलीजबाब दिला. त्यांच्या गावकऱ्यांनी मात्र त्यांच्यावरचा विश्वास सोडला नाही. त्यांनी वर्गणी करून पैसे जमविले आणि न्यायालयात त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

सर्वांच्याच नशिबी असे गाव नव्हते. वेल्समधील अँग्लसी बेटावरचे नोएल थॉमस यांना २००६ साली तुरुंगात जावे लागले आणि त्यांचा साठावा वाढदिवस गजांआड गेला. ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा दूरध्वनी केला होता. तरीही सुमारे २५,००० पौंडांसाठी त्यांच्यावर दिवाणी दावा झाला. वकील परवडेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले, हरले, आणि पोस्टाच्या वकिलांचा ३ लाख २१ हजार पौंडांचा खर्च अंगावर पडून त्यांचे दिवाळे निघाले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांनी २००५ साली सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथे दुकान घेतले होते. ७४,००० पौंडांच्या तुटीपायी २०१० च्या नोव्हेंबरात त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वतः दोन महिन्यांच्या गरोदर होत्या. घोट्याला पहाऱ्याचे विद्युतयंत्र बांधलेल्या स्थितीत त्यांनी मुलास जन्म दिला.

घरे गेली, लग्ने मोडली, मुलांना शाळेत चोराची पोरे म्हणून हिणविले गेले. किमान तेरा जणांनी यापायी आत्महत्या केल्या असाव्यात, असे विल्यम्स आयोगाने नमूद केले आहे.

फिर्यादीही तोच आणि तपासनीसही तोच

एवढे सारे एका सदोष यंत्रामुळे घडले, असे म्हणून चालणार नाही. चुकणे हा यंत्राचा दोष होता; ते चुकते हे मान्य न करणे हा माणसांचा. पोस्टापाशी असा एक अधिकार होता जो आपल्याकडील वाचकास चमत्कारिक वाटेल. पोलीस वा सरकारी वकील यांच्याकडे न जाता स्वतःच तपास करून स्वतःच फौजदारी खटला भरण्याची परंपरा तेथील टपालखात्यात तीनशे वर्षांहून जुनी होती. ज्याचे पैसे गेले तोच तपास करणार, तोच पुरावा निवडणार, तोच खटला चालविणार, आणि शिक्षा झाली की तोच त्या माणसाच्या मिळकतीवर वसुली बसविणार. सावकार, फौजदार आणि फिर्यादी या तिन्ही पगड्या एकाच डोक्यावर असल्यावर न्याय कोठून मिळावा? सुमारे सातशे खटले पोस्टाने अशा रीतीने स्वतः चालविले. उरलेले इतर सरकारी यंत्रणांनी.

तपासनिसांची दृष्टी कशी होती हे २०२३ मध्ये उजेडात आलेल्या एका कागदावरून दिसते. संशयितांची वर्गवारी वंशावरून करण्याच्या सूचना त्यात होत्या, आणि त्यातील शब्द इतके गलिच्छ होते की पोस्टाला जाहीर क्षमा मागावी लागली. आपल्या देशातून गेलेली कुटुंबे या प्रकरणात कशी भरडली गेली असतील, याची यावरून कल्पना यावी.

कायद्यानेही यंत्राला अभय दिले होते. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात ६९ वे कलम होते. संगणकाचा कागद पुराव्यात आणावयाचा असेल तर तो संगणक त्या वेळी नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखविले पाहिजे, अशी त्यात अट होती. ही अट अव्यवहार्य आहे, तिच्यामुळे निष्कारण खोळंबा होतो, असे तेथील विधी आयोगाचे मत पडले, आणि १९९९ च्या कायद्याने ते कलम रद्द झाले. तेव्हापासून यंत्र नीटच चालते असे न्यायालय गृहीत धरू लागले; ते बिघडले होते असे म्हणावयाचे तर आरोपीने तसा काही आधार दाखवावा. होरायझन शाखाशाखांतून बसविली जात होती ती नेमकी याच काळात. गावच्या दुकानदाराने फुजित्सूच्या यंत्रातील दोष कसा दाखवावा? त्याच्यापाशी ना नोंदींचा कच्चा तपशील, ना तज्ज्ञ, ना पैसा. ज्यांच्यापाशी हे सर्व होते ते तोंड मिटून बसले.

आमच्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी ठेवणारा कारकून चुकला तर चुकीवर रेघ ओढी, शेजारी सही करी. खाडाखोड दिसत राही. होरायझनच्या वहीत तशी सोय नव्हती. फुजित्सूचे कर्मचारी दूर बसून एखाद्या शाखेच्या हिशेबात नोंदी घालू शकत होते, आणि त्या शाखेच्या माणसाला त्याचा पत्ताही नसे. असे करताच येत नाही, असे पोस्ट वर्षानुवर्षे सांगत राहिले. जी वही दुसरा कोणी तुमच्या नकळत लिहू शकतो ती तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून कशी चालावी, हा साधा प्रश्न कोणत्याही वाण्याला सुचला असता. तो त्या देशाच्या न्यायपीठांना बराच काळ सुचला नाही.

नाक दाबल्यावर तोंड उघडले

सत्य बाहेर आले ते वरिष्ठांच्या सदसद्विवेकबुद्धीमुळे नव्हे. वेल्समधील लँडडनो येथील अॅलन बेट्स यांनी तूट भरण्याचे साफ नाकारले म्हणून २००३ मध्ये त्यांचा करार संपविण्यात आला. या गृहस्थांनी पुढील वीस वर्षे या एकाच कामास वाहिली. २००९ च्या मे महिन्यात ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकाने सात सबपोस्टमास्तरांच्या हकीकती छापल्या, आणि तुमच्याच शाखेत असे होते हे ज्यांना सांगितले गेले होते त्यांना आपण एकटे नाही हे कळले. त्याच वर्षी बेट्स यांनी पीडितांची संघटना उभी केली. एका व्यवसायपत्राने हे काम करावे आणि मोठ्या वृत्तपत्रांनी ते दीर्घकाळ दुर्लक्षावे, ही आम्हां पत्रव्यवसायातील सर्वांनाच अंतर्मुख करणारी गोष्ट आहे.

खासदारांच्या दडपणामुळे पोस्टाने २०१२ मध्ये ‘सेकंड साइट’ या स्वतंत्र हिशेबतपासनिसांना नेमले. त्यांनी पुढील वर्षी प्रणालीतील दोषांकडे बोट दाखविले. २०१५ मध्ये त्यांनाच बाजूस सारण्यात आले. २०१३ मध्ये पोस्टाच्याच एका वकिलाने लेखी सल्ला दिला होता की, खटल्यांत फुजित्सूतर्फे साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाने आपल्यास ठाऊक असलेले दोष न्यायालयापासून लपविले आहेत. हा कागद शिक्षा झालेल्यांच्या हाती पडला २०२० साली. सात वर्षे तो पेटीत राहिला, आणि तितकी वर्षे निरपराध माणसे गुन्हेगार म्हणून वावरली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे आहे. येथे तर चोरीच झालेली नव्हती.

अखेर बेट्स आणि आणखी ५५४ जण मिळून उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती फ्रेझर यांचा पहिला निकाल २०१९ च्या मार्चमध्ये विरुद्ध जाताच पोस्टाने न्यायमूर्तींनाच बदलण्याचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. त्याच डिसेंबरात दिलेल्या दुसऱ्या निकालात न्यायमूर्तींनी प्रणाली भरवशाची नव्हती आणि तिच्या दोषांमुळे शाखांच्या हिशेबात खोट्या तुटी उमटू शकत होत्या, हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. दोष नाहीतच हा पोस्टाचा हेका त्यांनी पृथ्वी सपाट आहे म्हणण्याच्या पंक्तीला बसविला. त्याच महिन्यात ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. पण खटल्याचा खर्च वजा जाता पीडितांच्या वाट्याला त्यातील सुमारे १ कोटी २० लाखच आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या.

तरीही बाकीचे शेकडो लोक तसेच राहिले. २०२४ च्या जानेवारीत या प्रकरणावरील नाट्यमालिका दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, देश खवळला, आणि दहा दिवसांच्या आत पंतप्रधानांनी कायदा करण्याची घोषणा केली. त्या वर्षीच्या मे महिन्यात संसदेने कायद्याने शिक्षा रद्द केल्या. जे न्यायालयीन निकालांनी, तपासनिसांच्या अहवालांनी आणि खासदारांच्या भाषणांनी वर्षानुवर्षे होऊ शकले नाही ते एका मालिकेने केले. नाक दाबल्यावर तोंड उघडते ते असे. बेट्स यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. हॅमिल्टन, कॅसलटन आणि मिश्रा यांचाही २०२५ च्या प्रारंभी राजसन्मान झाला. गेलेली वर्षे मात्र कोणताही राजा परत देऊ शकत नाही.

शिक्षा सरसकट रद्द करताना एखादा खरा चोरही सुटला असेल, हा आक्षेप तिकडे घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नाही. हजारो शाखांत कोणी हात मारलाच नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु खऱ्या चोराला ओळखण्याचे साधनच ज्या संस्थेने आपल्या हाताने नासविले, तिला हा आक्षेप घेण्याचा अधिकार उरत नाही. खोट्या तराजूने तोललेल्या मालातील एखादे वजन बरोबर निघाले म्हणून तराजू खरा ठरत नाही.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात दीड लाखाहून अधिक टपालकचेऱ्या आहेत आणि त्यांतील फार मोठा भाग खेड्यांत आहे. या ग्रामीण शाखा चालविणारे ग्रामीण डाकसेवक हे नियमित सरकारी नोकर नव्हेत. त्यांची स्थिती ब्रिटनच्या सबपोस्टमास्तराहून फारशी निराळी नाही. २०१७ साली ‘दर्पण’ योजनेखाली सुमारे १ लाख २९ हजार ग्रामीण शाखांना हातात धरावयाची यंत्रे देण्याचे काम १,४०० कोटी रुपये खर्चून हाती घेतले गेले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशभरच्या टपालकचेऱ्या आणखी एका नव्या प्रणालीवर नेण्यात आल्या. सेवकांच्या २०२० च्या नियमांत हयगयीमुळे खात्याचे नुकसान झाल्यास ते त्यांच्या भत्त्यातून वसूल करण्याची तरतूद आहे. आमच्या गोव्यातील गावोगावच्या शाखाही याच व्यवस्थेत मोडतात. पतसंस्थेचा पिग्मी गोळा करणारा दारोदार हिंडून जे यंत्र दाबतो, सहकारी बँकेतील रोखपाल सायंकाळी ज्या आकड्याशी आपली रोकड ताडून पाहतो, तेथेही प्रश्न तोच आहे. आकडा आणि रोकड जुळली नाही तर खोटे कोण?

हे लिहिताना आम्ही कोणत्याही खात्यावर वा बँकेवर आरोप करीत नाही. संगणकाने बँकांचे व टपालाचे काम किती सुलभ केले हे आम्ही रोज पाहतो, आणि हाताने लिहिलेल्या वह्यांतही अफरातफरी होतच होत्या. मुद्दा एवढाच की पडद्यावरचा आकडा हे एक निवेदन असते. ते खरेही असू शकते, खोटेही असू शकते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणाने २०१९ साली याचीच दुसरी बाजू दाखविली. या बँकेच्या शाखा गोव्यातही होत्या. एका बांधकामसमूहाला दिलेली थकलेली कर्जे झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखविली गेली, असे पोलिसांकडील फिर्यादीत नमूद आहे. तेथे यंत्र ठाकठीक होते. वरिष्ठांनी त्याच्याकडून खोटे वदवून घेतले. तपासनिसांना ते दिसले नाही आणि हजारो ठेवीदार आपल्याच पैशांसाठी दाराशी उभे राहिले. यंत्र आपण होऊन चुकले काय किंवा कोणी त्याला चुकविले काय, त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची फळे सारखीच कडू असतात.

कायद्याच्या बाबतीत आपण ब्रिटनहून थोडे अधिक सावध राहिलो आहोत, हे समाधानाने नमूद केले पाहिजे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने आपल्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम घातले. संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र हवे, अशी त्यात अट होती. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ही अट बंधनकारक असल्याचे पुन्हा सांगितले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात तर तज्ज्ञाचे प्रमाणपत्रही मागितले आहे. बँकांच्या वह्यांविषयीच्या १८९१ च्या कायद्यातही संगणकाच्या उताऱ्यासोबत शाखाधिकाऱ्याचे आणि संगणकाच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र लागते.

परंतु ही ढाल न्यायालयाच्या दारात उपयोगी पडते. आणि तुटीचे बहुसंख्य तंटे न्यायालयापर्यंत जातच नाहीत. ब्रिटनमध्येच पाहा. शिक्षा झालेले सुमारे हजार. पण नुकसानभरपाईस पात्र ठरू शकणाऱ्यांची संख्या विल्यम्स आयोगाने सुमारे दहा हजार धरली आहे. म्हणजे दहांतील नऊ जणांनी कोर्टाची पायरी न चढताच नुकसान सोसले. कित्येकांनी अब्रूच्या भयाने गुपचूप पैसे भरले, कित्येकांचे दुकान गेले. आपल्याकडे तर चार लोकांत बोभाटा होऊ नये म्हणून बायकोचे दागिने मोडून तूट भरणारा माणूस काही दुर्मीळ नाही. अशा माणसाने भरलेला पैसा हा त्याच्या अपराधाचा पुरावा धरला जातो, हा त्याच्यावरचा दुहेरी अन्याय होय.

म्हणून काही गोष्टी आपल्याकडे आधीच ठरवून ठेवणे जरूर आहे. आकडा अमान्य आहे असे नोंदविण्याची सोय प्रत्येक प्रणालीत असावी, आणि तशी नोंद झाल्यावर निर्णय होईतो वसुली थांबावी. आपल्या नावावर कोणी, केव्हा, कोठून नोंद केली याचा कच्चा तपशील त्या माणसाला मागताच मिळावा. प्रणालीत सापडलेले दोष ती पुरविणाऱ्या कंपनीने शाखांना कळवावेत. ते व्यापारी गुपित मानले जाऊ नयेत. एकाच तऱ्हेची तक्रार दोनतीन ठिकाणांहून आली तर माणसे तपासण्यापूर्वी यंत्र तपासावे. आणि ज्याचे पैसे गेले त्यानेच दोषी कोण हे ठरवू नये. चौकशी त्रयस्थाकडे असावी. आमच्या देवस्थानांतून फंडपेटी उघडावयाची ती महाजनांच्या समक्ष उघडण्याचा प्रघात आहे. तो कोणाचा कोणावर अविश्वास आहे म्हणून पडलेला नाही. पुढे कोणावर विनाकारण बालंट येऊ नये म्हणून पडला आहे. लाखो रुपयांच्या प्रणालीला एवढी साधी शिस्त लावणे अशक्य नसावे.

ब्रिटनच्या सरकारने २०२५ च्या जानेवारीत संगणकीय पुराव्याविषयीचे आपले गृहीतक तपासून पाहण्यासाठी लोकांची मते मागविली, आणि त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत पीडितांना एक अब्ज पौंडांहून अधिक भरपाई दिली गेली होती. पाव शतकापूर्वी एका मदतकेंद्राने खरे उत्तर दिले असते तर यातील फारच थोड्याची गरज पडली असती. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. आपली टपालखाती, सहकारी बँका आणि पतसंस्था यांनी हे शहाणपण आजच अंगी आणावे, आणि उद्या एखाद्या खेड्यातील सेवक ‘साहेब, हा आकडा चुकीचा आहे’ असे म्हणत दाराशी आला तर त्याला चोर ठरविण्यापूर्वी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.